स्पेक्ट्रोग्राफची तीन चाकं पुन्हा जागेवर कशी आणायची: गच्चीवरच्या घुमटातून

नागपुरात आमच्या कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याचा घुमट आहे, त्यात १० इंची टेलिस्कोप आहे आणि टेलिस्कोपच्या पाठीला जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी ॲल्युमिनियमची पेटी लटकलेली आहे. ती पेटी म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ, ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून त्यातल्या रेघा मोजायचं यंत्र. तिच्या आत तीन चाकं आहेत. एका मे महिन्यात मी ती तिन्ही एकाच दुपारी ढिली केली. घट्ट करायला त्यानंतर अडीच महिने गेले, आणि त्यातला अर्धा वेळ पावसाळ्याने खाल्ला.

आता नवीन पोरं घुमटाची किल्ली घ्यायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, रेघ जागेवर नाही, कोणता स्क्रू फिरवू?" उत्तर असं आहे की आज कोणताच नाही. आधी कोणतं चाक सरकलंय ते शोधायचं. ते पेटी न उघडता कळतं, आणि निम्म्या वेळा पेटी उघडायची गरजच पडत नाही. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलंय.

## १. पेटीत काय आहे ते आधी समजून घ्या

आमची पेटी 'फॉस्क' घराण्यातली आहे, म्हणजे एकाच पेटीत वर्णपटही निघतो आणि साधा फोटोही. हा आराखडा युरोपियन सदर्न ऑब्झर्वेटरीने १९८० च्या दशकात रूढ केला. आपल्याकडे लडाखमध्ये हानले इथल्या २ मीटरच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीवर एचएफओएससी आहे आणि जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेत पुण्याच्या आयुका संस्थेच्या २ मीटर दुर्बिणीवर आयएफओएससी. ते हत्ती, आमचं उंदीर. पण आतली मांडणी तीच.

टेलिस्कोपमधून आलेला प्रकाश जिथे फोकस होतो तिथे पहिलं चाक, स्लिटचं. त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या फटी, एक बारीक भोक (पिनहोल) आणि एक मोकळी खिडकी. पुढे कोलिमेटर भिंग, ते प्रकाश समांतर करतं. त्या समांतर प्रकाशात दुसरं चाक फिल्टरचं आणि तिसरं ग्रिझमचं. ग्रिझम म्हणजे प्रिझमच्या पाठीवर ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांचा, रंग पसरवणारा पृष्ठभाग): मधला एक रंग सरळ जातो, बाकीचे दोन्ही बाजूंना पसरतात. त्यामुळे ग्रिझम बाजूला केला की तोच कॅमेरा साधा फोटो काढतो. ही सोय लक्षात ठेवा, निदान सगळं तिच्यावरच उभं आहे.

पुढचे हिशेब आमच्या पेटीचे आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

- टेलिस्कोपची फोकल लांबी २५०० मिमी. म्हणजे फोकसवर १ मिमी = आकाशातले साधारण ८२ आर्कसेकंद, आणि ५० मायक्रॉनची स्लिट = सुमारे ४ आर्कसेकंद.
- कोलिमेटर २०० मिमी, कॅमेऱ्याचं भिंग १०० मिमी. स्लिटवरचं अंतर कॅमेऱ्यावर निम्मं होतं.
- पिक्सेल ४ मायक्रॉन.
- ग्रिझम मिमीला ३०० रेषांचा. एका पिक्सेलला साधारण १.३ अँगस्ट्रॉम (प्रकाशाच्या तरंगलांबीचं, म्हणजे रंगाचं माप).
- चाकाच्या केंद्रापासून स्लिट आणि ग्रिझम ५० मिमीवर.
- स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) फेऱ्याला २०० स्टेपची, प्रत्येक स्टेपचे १६ तुकडे म्हणजे मायक्रोस्टेप, बेल्टने ५ ला १. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला १६,००० स्टेप, एका स्टेपला ०.०२२५ अंश, आणि ५० मिमीवर तेवढंच म्हणजे सुमारे २० मायक्रॉन.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. एक स्टेप चुकली तर ५० मायक्रॉनची स्लिट आपल्या रुंदीच्या जवळजवळ निम्म्याने सरकते. बेल्ट नसता आणि मोटर थेट चाकाला असती, तर एक मायक्रोस्टेप सुमारे १०० मायक्रॉनची झाली असती. त्यातही मायक्रोस्टेप कागदावर दिसतात तेवढ्या सारख्या कधीच नसतात.

## २. काय काय लागेल

सामान:

- ॲलन कीचा सेट, १.५ मिमीची नक्की असलेला. स्वस्त सेटमधली १.५ ची की दुसऱ्या स्क्रूवर गोल होते, तेव्हा दोन घ्या.
- नेलपॉलिश, गडद रंगाची. कशाला ते पुढे.
- निऑनचा इंडिकेटर (स्विचबोर्डवर असतो तो लाल ठिपका), होल्डर आणि वायरसकट तयार.
- एखादा जुना सीएफएल, चालू असलेला.
- हॅलोजनचा छोटा दिवा आणि त्याच्यासमोर धरायला ट्रेसिंग पेपर.
- पावडर नसलेले हातमोजे, हवेचा फुगा, काळी टेप.
- स्क्रू ठेवायला झाकणाच्या डब्या. प्रत्येक चाकाला वेगळी.

कागद:

- चाकांच्या स्टेपचा तक्ता, म्हणजे कोणती फट, फिल्टर किंवा ग्रिझम कितव्या स्टेपवर. कंट्रोल सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये असतो, त्याची एक छापील प्रत काढा. फाइलवर फाइल लिहिली जाते, कागद तसा उडत नाही.
- चाकं ठीक होती तेव्हाचे फोटो: दिव्याचा एक, सरळ स्लिटचा एक. नसतील तर आजचेच काढून ठेवा, चुकीचे असले तरी.
- वही. मोबाइलमध्ये नोंद करणार असाल तर करा, पण ग्रीसच्या हाताने मोबाइल उघडत नाही.

सापळा: इंडिकेटर बर्डीच्या बाजारात मागितला तर दुकानदार बिनधास्त एलईडीचा देतो. दिसायला दोन्ही लाल. घरी येऊन बघितलं तर रेघांऐवजी एक लाल पट्टा. दुकानातच "निऑनवाला" म्हणून सांगा, आणि पेटवून बघा: निऑनच्या काचेत दोन छोट्या पत्त्या असतात आणि उजेड पत्तीला बिलगून नारिंगी दिसतो. हा दिवा थेट २३० व्होल्टवर चालतो, त्याचा रेझिस्टर आतच असतो. सुटा निऑन बल्ब आणून स्वतः जोडणी करायच्या भानगडीत पडू नका.

## ३. वेळ कोणती निवडायची

या कामाला रात्रच लागते असं नाही. शेवटची एक पायरी सोडली तर सगळं दिवसाही होतं, कारण दिवा आपल्या हातात आहे. पण नागपुरात दिवसा म्हणजे कधी, हा प्रश्न आहेच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी आमच्या घुमटाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास असतं. ॲल्युमिनियमचं १०० मिमीचं अंतर ३५ अंशांच्या फरकाने जवळपास ०.०८ मिमीने बदलतं. ८० मायक्रॉन. आमची स्लिट ५० ची. पेटी सगळीकडून सारखी फुगली तर बराच फरक आपोआप मिटतो, पण मोटर एका बाजूला, सेन्सर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये स्टीलचा शाफ्ट असताना सगळं सारखं फुगत नाही.

म्हणून ज्या तापमानाला निरीक्षण करणार, त्याच्या जवळपास चाकं बसवा. आम्ही दिवाळीनंतर, संध्याकाळी सूर्य गेल्यावर तासाभराने सुरू करतो. मे महिन्यात करायची वेळ आलीच तर पहाटे पाचला घुमट उघडा आणि आठला बंद करा. येताना तर्री-पोहे खाल्ले असतील तर हात साबणाने धुतल्याशिवाय पेटीजवळ येऊ नका. हे गमतीत लिहिलेलं नाही. आमच्या एका ग्रिझमवर तेलाचा अंगठा अजून आहे. ग्रेटिंगचा पृष्ठभाग पुसता येत नाही, पुसला की गेला.

जून ते सप्टेंबर पेटी उघडूच नका. दमट हवा आत गेली की भिंगांवर बुरशी येते.

## ४. पेटी बंद ठेवून निदान: तीन परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी दिला नव्हता.

पहिली परीक्षा: फक्त स्लिट. स्लिटच्या चाकावर ५० मायक्रॉनची फट आणा. फिल्टर आणि ग्रिझम दोन्ही मोकळ्या खिडकीवर. टेलिस्कोपच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर लावून त्यावर हॅलोजन टाका आणि फोटो घ्या. पडद्यावर एक उभी पांढरी रेघ दिसेल. ती वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला कितव्या पिक्सेलवर आहे ते वहीत लिहा. आता स्लिटचं चाक होमला (सेन्सरने ओळखायच्या शून्याच्या जागी) पाठवा, परत त्याच फटीवर आणा, पुन्हा फोटो. असं १० वेळा.

दहाही वेळा रेघ एका पिक्सेलच्या आत आली, तर चाक निरोगी आहे. मग ती जुन्या जागेपासून कितीही लांब असो, तो फक्त तक्त्यातल्या आकड्याचा प्रश्न आहे. दहा वेळा दहा ठिकाणी आली, तर काहीतरी ढिलं आहे आणि आकडे बदलून काही होणार नाही.

दुसरी परीक्षा: फक्त ग्रिझम. स्लिटच्या चाकावर पिनहोल आणा, ग्रिझम आत घ्या, दिवा हॅलोजनच. पडद्यावर एक बारीक आडवी रेघ दिसेल, डावीकडून उजवीकडे. डाव्या टोकाला ती कितव्या ओळीवर आणि उजव्या टोकाला कितव्या, हे लिहा. ग्रिझमचं चाक १० वेळा होमला पाठवून परत आणा.

तिसरी परीक्षा: दोन्ही मिळून. ५० ची स्लिट, ग्रिझम आत, निऑन पेटवा. लाल बाजूला रेघांचा गुच्छ येईल. त्यातल्या ५८५२.५, ६१४३.१, ६४०२.२ आणि ७०३२.४ अँगस्ट्रॉमच्या रेघा आम्ही खुणेच्या धरतो. निळ्या बाजूला निऑन कामाचा नाही, तिथे सीएफएल लावा: त्यातल्या पाऱ्याच्या ४३५८.३ आणि ५४६०.७ या रेघा ठळक येतात. सीएफएलमध्ये ६११० च्या आसपास आणखी एक झगझगीत लाल रेघ असते. ती फॉस्फरची, अंगाने जाड. मापाला घेऊ नका.

आता निकाल वाचायचा.

सगळ्या स्लिट सारख्याच सरकल्या असतील तर दोष चाकाचा किंवा होम सेन्सरचा. एकच स्लिट सरकली असेल तर दोष तिच्या घरातल्या स्क्रूचा, चाकाला हात लावू नका. ग्रिझमचंही तसंच: सगळे ग्रिझम एकाच बाजूला तिरके तर चाक किंवा कॅमेरा फिरलाय, एकच तिरका तर तो आपल्या खोबणीत फिरलाय. पहिली परीक्षा पास, दुसरीही पास, तरी तिसरीत रेघा तिरक्या? मग कॅमेरा आणि ग्रिझम एका मेळात आहेत, आणि स्लिट त्यांच्याशी काटकोनात नाही.

सापळा: ग्रिझमच्या वर्णपटात रेघा मुळातच थोड्या कमानदार असतात. कमान म्हणजे तिरकेपणा नव्हे. रेघेचं वरचं टोक आणि खालचं टोक मधल्या बिंदूच्या एकाच बाजूला, सारखंच सरकलेलं असेल तर ती कमान. ती कोणत्याही स्क्रूने जाणार नाही, आणि ती घालवायच्या नादात एका विद्यार्थ्याने अख्खा शनिवार घालवलेला आहे.

दुसरा सापळा: दुसरी परीक्षा ताऱ्यावर करू नका. तारा डोक्यावर नसेल तर वातावरण त्याचा निळा आणि लाल प्रकाश किंचित वेगळ्या ठिकाणी टाकतं आणि रेघ तिरकी दिसते. चाक बिचारं सरळच असतं.

## ५. आकड्यांनी सुटत असेल तर आकड्यांनी सोडवा

समजा पहिल्या परीक्षेत रेघ १५०० व्या पिक्सेलवर हवी होती, ती दहाही वेळा १५१२ वर आली. फरक १२ पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्यावर ४८ मायक्रॉन, म्हणजे स्लिटवर ९६ मायक्रॉन. ५० मिमीच्या त्रिज्येवर तेवढं सरकायला चाक ०.११ अंश फिरावं लागतं. भागिले ०.०२२५: पाच स्टेप. तक्त्यात त्या चाकाच्या सगळ्या जागांमध्ये पाच मिळवा किंवा पाच वजा करा. दिशा कोणती हे डोकं खाजवून ठरवू नका, एकदा करून बघा, चुकली तर उलटी करा.

हे लागू पडतं ते आमच्या स्लिटची लांबी चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने आहे म्हणून. चाक फिरलं की स्लिट आडवी सरकते आणि रंगांचं मोजमाप हलतं. काही पेट्यांमध्ये स्लिट त्रिज्येला काटकोनात बसवलेली असते. तिथे चाक थोडं फिरलं तर स्लिट स्वतःच्या लांबीतच सरकते आणि मोजमापाला जवळपास धक्का लागत नाही. पुढची पेटी बनवाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. आम्ही ठेवलं नाही.

ग्रिझमचंही आकड्यांनी होतं. आमची रेघ २८०० पिक्सेलच्या पट्ट्यात १०४० व्या ओळीवरून १०५४ व्या ओळीवर चढत होती. १४ भागिले २८०० म्हणजे ०.२९ अंशांचा तिरकेपणा. चाक तेवढंच फिरवलं, म्हणजे १३ स्टेप, की ग्रिझमही तेवढाच फिरतो आणि रेघ आडवी येते. या भानगडीत ग्रिझम पाव मिलिमीटर बाजूला जातो, पण तो समांतर प्रकाशात आहे, झोत कडेला कापला जात नसेल तर काही बिघडत नाही.

एक नियम मात्र मोडू नका: चाक नेहमी एकाच बाजूने जागेवर आणा. बेल्टमध्ये थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. डावीकडून आलं तर एक जागा, उजवीकडून आलं तर दुसरी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आता चाक मुद्दाम २०० स्टेप मागे जातं आणि मग पुढे येऊन थांबतं. वेळ दोन सेकंद जास्त, डोकेदुखी निम्मी.

## ६. पेटी उघडायची वेळ आलीच तर

म्हणजे दहा वेळा दहा जागा आल्या. आता नेलपॉलिश काढा.

झाकण काढल्यावर काहीही ढिलं करण्याआधी, हब (चाकाचा मधला भाग) आणि शाफ्ट (दांडा) जिथे भेटतात तिथे दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ नेलपॉलिशने ओढा. सेन्सरची पट्टी आणि तिच्या खालची प्लेट, तिथेही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून चाकापर्यंत एक. मग मोबाइलने चारही बाजूंनी फोटो. वाळायला १० मिनिटं द्या, पंखा घालू नका, धूळ उडते.

मी हे केलं नव्हतं. मला वाटलं, तिन्ही चाकांचे स्क्रू एकदाच ढिले करून सगळं नव्याने बसवू, स्वच्छ सुरुवात. झालं असं की संध्याकाळपर्यंत कोणतं चाक आधी बरोबर होतं हेच कळेना. स्लिट सरळ केली की ग्रिझम तिरका, ग्रिझम सरळ केला की कॅमेरा फिरवावा लागे, आणि कॅमेरा फिरवला की पुन्हा स्लिट. शेवटी स्लिटचं चाक काढून पिशवीत घालून हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. माझा समज असा की चाकाचं भोक झिजलंय. त्याने चाक शाफ्टवर चढवलं, ग्रब स्क्रू (चाक शाफ्टला धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) घट्ट केला, दोन बोटांनी पिळलं आणि चाक शाफ्टवर हलकेच घसरलं.

"सर, चाकाले काही झालं नाही," तो म्हणाला. "शाफ्ट गोल हाये आन् स्क्रू त्याच्यावर नुसता टेकून राह्यला. फ्लॅट मारा त्याच्यावर."

दहा मिनिटांत त्याने शाफ्टवर स्क्रूच्या टोकापुरती सपाट जागा करून दिली. अडीच महिन्यांचं दुखणं तेवढ्यात गेलं. तेव्हापासून पेटी उघडली की माझा क्रम हा:

1. ग्रब स्क्रू. शाफ्टवर फ्लॅट आहे का, स्क्रू फ्लॅटवरच बसलाय का. बसवताना थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, निळ्या प्रकारचा. लाल लावला तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय निघणार नाही.
2. बेल्ट. बोटाने दाबल्यावर किंचित लवावा. फार ताणला तर बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर भार येतो.
3. सेन्सरची पट्टी. वायर ओढली गेली की हीच हलते.
4. बेअरिंग. चाकाची कड धरून पुढे-मागे हलवा. टक् वाजलं तर प्ले आहे, शिमची पातळ पत्ती लागेल. थोड्या डगमगीला घाबरू नका: आमचा टेलिस्कोप एफ/१० चा (फोकल लांबी आरशाच्या रुंदीच्या दहापट), त्यावर स्लिट ०.१ मिमी पुढे-मागे झाली तर प्रतिमा १० मायक्रॉननेच पसरते.

एका वेळी एकच चाक. ते बसवा, झाकण ठेवा, त्याची परीक्षा पुन्हा १० वेळा घ्या, मगच पुढचं.

## ७. कोणतं चाक आधी

दोन-तीन चाकं खरंच बिघडली असतील तर क्रम असा. कॅमेऱ्याला आधार माना. रोजच्या वापरातला ग्रिझम आत घेऊन पिनहोलची रेघ आडवी करा: कॅमेरा फिरलाय अशी खात्री असेल तरच कॅमेरा फिरवा, नाहीतर चाकाच्या स्टेप बदला. मग बाकीचे ग्रिझम, एकेक करून. मग निऑन लावून रोजच्या स्लिटच्या रेघा उभ्या करा, तिच्या घरातल्या स्क्रूंनी. मग बाकीच्या स्लिट. उलट्या क्रमाने गेलात तर माझ्यासारखं गोल गोल फिराल.

फिल्टरचं चाक शेवटी, आणि त्याला फार वेळ देऊ नका. समांतर प्रकाशात फिल्टर एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी फोटोची कड कापली जात नाही तोवर चालतं. बघायचं एवढंच की तक्त्यात ज्या खणाला जे नाव आहे तोच फिल्टर तिथे आहे. आमच्याकडे एकदा सगळे एक खण पुढे गेले होते. निळा प्रकाश अडवणारा पिवळा फिल्टर समोर आहे असं सॉफ्टवेअर सांगत होतं आणि समोर होती मोकळी खिडकी. ग्रेटिंग एकावर एक असे अनेक वर्णपट टाकतं, त्यांना क्रम म्हणतात: दुसऱ्या क्रमातला ४००० अँगस्ट्रॉमचा प्रकाश पहिल्या क्रमातल्या ८००० च्या जागी येऊन बसतो. ताऱ्याच्या लाल टोकाला नसलेला उजेड दिसत होता, आणि आम्ही तासभर त्याच्यावर चर्चा करत होतो.

## ८. दोन दोष जे चाकाचे वाटतात पण नसतात

सेन्सरचा उजेड. होम सेन्सर फटीचा ऑप्टिकल प्रकारचा असेल तर त्यात इन्फ्रारेड एलईडी असतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. लांब एक्स्पोजरमध्ये एका कोपऱ्यात धुकं आलं तर टेलिस्कोपचं झाकण लावून पुन्हा फोटो घ्या. धुकं तसंच राहिलं तर उजेड पेटीच्या आतला आहे. होम झाल्यावर सेन्सरची वीज बंद करा, किंवा चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा, उजेड न टाकणारा) लावा. आम्ही चुंबक लावले.

मोटरची ऊब. चाक जागेवर धरून ठेवायला मोटरमधून करंट चालूच राहतो, मोटर तापते आणि तासाभरात रेघ हळूहळू सरकते. होल्डिंग करंट निम्मा करून बघा. तुमच्या चाकाला स्प्रिंग आणि गोळीचा खटका असेल तर करंट पूर्ण बंद केला तरी चालेल. आमच्याला खटका नाही.

## ९. टेलिस्कोप वाकवून परीक्षा

टेबलावर सगळं जमलं म्हणजे टेलिस्कोपवरही जमलं असं नाही. पेटी लावा, निऑन पेटवा आणि टेलिस्कोप तीन ठिकाणी नेऊन फोटो घ्या: डोक्यावर, पूर्वेला खाली, पश्चिमेला खाली. पूर्व आणि पश्चिमेच्या फोटोंत रेघ दोन-तीन पिक्सेल सरकली तर पेटीच आपल्या वजनाने लवते आहे, त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. रेघ उडी मारून सरकली आणि परत आणल्यावर जुन्या जागी आली नाही, तर एखादा स्क्रू अजून ढिला आहे. पायरी ६.

याच कारणासाठी तारा आणि त्याचा निऑन यांच्यामध्ये चाक हलवायचं नाही आणि टेलिस्कोपही. तारा घेतला, मग "जरा फोटो काढून बघू" म्हणून स्लिट आणि ग्रिझम बाहेर काढले, परत आणले आणि मग निऑन घेतला, असं केलं की संपलं. स्लिट त्या भानगडीत ५० मायक्रॉन सरकली तर कॅमेऱ्यावर सहा पिक्सेल, म्हणजे आठ अँगस्ट्रॉम. रेघ किती सरकली यावरून ताऱ्याचा वेग काढतात, आणि हायड्रोजनच्या लाल रेघेवर आठ अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेग. एका मुलीने असा एक पळता तारा मला मोठ्या आनंदाने दाखवला होता. दुसऱ्या रात्री तो थांबला होता.

## १०. शेवटी तारा

पांढरा, तेजस्वी, ज्याच्यात हायड्रोजनच्या रेघा ठसठशीत आहेत असा तारा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पश्चिमेकडे अभिजित, जानेवारी-फेब्रुवारीत व्याध, मार्च-एप्रिलमध्ये मघा. व्याध नागपुरातून दक्षिणेला साधारण ५२ अंशांपर्यंत चढतो, तेवढा पुरतो. वर्णपटात ६५६२.८, ४८६१.३, ४३४०.५ आणि ४१०१.७ या चार काळ्या रेघा शोधा. निऑन आणि सीएफएलवरून बसवलेल्या मोजपट्टीवर चारही एक-दोन अँगस्ट्रॉमच्या आत आल्या तर चाकं बसली. एकच चुकली तर मोजपट्टी तपासा. चारही एकाच बाजूला सारख्याच सरकल्या तर बहुतेक दिवा आणि ताऱ्याच्या मध्ये काहीतरी हललंय.

दिवसा घाई असेल तर निळ्या आकाशाकडे टेलिस्कोप करूनही हे जमतं, सूर्याच्या रेघा आकाशाच्या उजेडात असतातच: सोडियमची ५८९० आणि ५८९६ ची जोडी, ४८६१ ची हायड्रोजनची. पण सूर्यापासून चांगलं लांब, सूर्याच्या उलट्या बाजूला. फाइंडरवर (टेलिस्कोपला जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर) झाकण ठेवा, कोणीतरी सवयीने डोळा लावतोच.

नवे आकडे तक्त्यात भरा, तारीख आणि घुमटातलं तापमान शेजारी लिहा, छापील प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. आणि झाकण लावण्याआधी ॲलन की मोजा. आमच्या पेटीत मागे एकदा काहीतरी खडखडत होतं, आम्ही बेअरिंग बदलायला काढलं होतं. आत १.५ ची की निघाली, ग्रिझमच्या चाकाखाली, तिथल्या तिथे फिरत.